दुबईच्या सहलीत अल ऐनला एक मुक्काम द्या : मराठी सहलसंस्थांना खुलं पत्र

दुबई-अबुधाबीच्या सहली आखणाऱ्या मराठी सहलसंस्थांचे संचालक आणि गटासोबत जाणारे सहल-व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाच्या सहलींची पत्रकं छापायला जाण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोचावं अशी इच्छा आहे. विनंती साधी आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या सहलीत अल ऐनला एक मुक्काम द्या. दुपारी पोचा, रात्री तिथेच राहा आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ तिथल्या खजुरीच्या बागांत घालवा. सध्या बऱ्याच पत्रकांत अल ऐनचं नावच नसतं. जिथे असतं तिथे ‘ऐच्छिक, अर्धा दिवस, वेगळे शुल्क’ असं बारीक अक्षरांत असतं. त्या अर्ध्या दिवसात बस जबल हफीत डोंगरावर चढते, लोक फोटो काढतात, प्राणिसंग्रहालयात एक चक्कर होते आणि मंडळी अंधार पडायच्या आत दुबईच्या मॉलमध्ये हजर. डोंगराच्या पायथ्याशी पाच हजार वर्षं माणसं पाण्याला वाट काढून देत जगत आली, याची त्यांना गंधवार्ताही नसते.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यांवर नोकरी केली. मुलगी अबुधाबीत राहते म्हणून अल ऐनला वरचेवर जाणं होतं. ज्या माणसाचं आयुष्य पाणीपाळ्या, चाऱ्या आणि ‘शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का’ या प्रश्नात गेलं, त्याला त्या गावात काय दिसतं ते आपल्याला सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच. आपले बहुतेक प्रवासी शेतीच्या घरांतून आलेले असतात. निदान त्यांच्या आधीची पिढी तरी विहिरीच्या नाहीतर पाटाच्या पाण्यावर वाढलेली असते. काचेचे मनोरे त्यांना थक्क करतात हे खरं, पण अल ऐन त्यांना कळेल, आणि कळलेली जागा माणूस विसरत नाही.

अल ऐन अबुधाबी अमिरातीत आहे, पूर्वेला, ओमानच्या सीमेला अगदी खेटून. दुबईहून दीड तासाचा सरळ, रुंद रस्ता, अबुधाबीहून साधारण 160 किलोमीटर. समुद्र नाही, उंच इमारती जवळजवळ नाहीत. शहरात आणि भोवताली सहा जुनी मरूद्यानं, म्हणजे वाळवंटात पाण्याच्या आधाराने फुललेल्या बागा, आहेत: अल ऐन, हिली, अल जिमी, अल कत्तारा, अल मुतरिद आणि अल मुवैजी. ही मरूद्यानं आणि हफीत, हिली व बिदा बिंत सौद ही प्राचीन स्थळं मिळून 2011 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. अमिरातीतलं त्या यादीत गेलेलं हे पहिलं स्थळ. बुर्ज खलिफाच्या रांगेत दोन तास उभ्या राहणाऱ्या आपल्या गटाला एवढं एक वाक्य जरी बसमध्ये सांगितलं तरी कान टवकारतील.

पण खरी सांगायची गोष्ट फलजाची आहे. माझ्या मते अल ऐनमधली दुसरी प्रत्येक गोष्ट, किल्ला असो, बाग असो की थडगं, फलज समजल्यानंतरच नीट दिसते.

फलज म्हणजे भूमिगत पाट. अनेक असले की त्यांना अफलाज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याला, जिथे पावसाचं थोडंफार पाणी जमिनीत मुरतं, तिथे आधी एक खोल विहीर खणायची. पाणी लागलं की ती मुख्य विहीर, ‘फलजाची आई’. मग खालच्या बाजूने, जिथे शेती करायची आहे त्या अंगाने, जमिनीखालून बोगदा खणत वर विहिरीकडे जायचं. ठरावीक अंतरावर उभी विवरं पाडायची. त्यांतून राडारोडा वर ओढायचा, आतल्या माणसाला हवा मिळायची आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाळ काढायला त्यातूनच उतरायचं. विवराभोवती काढलेल्या मातीचं कडं रचायचं, म्हणजे अचानक पूर आला तरी गढूळ पाणी आत घुसत नाही. ज्यांनी कालव्याचा तळउतार काढला आहे त्यांना कळेल की यातला कस उतारात आहे. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खात जातं, कमी झाला तर गाळ बसून पाट तुंबतो. हा उतार त्या लोकांनी जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात साधला. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी स्वतःच्या वजनाने किलोमीटर-किलोमीटर चालत येतं आणि जमिनीच्या पोटातून चालल्यामुळे उन्हाने आटतही नाही.

हिलीला सापडलेला फलज लोहयुगातला, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि अशा पाटांच्या जगातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. शहराच्या उत्तरेला, बिदा बिंत सौद इथे, वाळूत एकटाच उभा असलेला एक खडकाळ उंचवटा आहे. त्याच्या माथ्यावर जुनी थडगी, पायथ्याशी लोहयुगातला फलज, आणि जवळच खांब असलेल्या एका इमारतीचे अवशेष. त्या इमारतीत पाण्याच्या वाटपाची कामं चालत असावीत, असं अभ्यासकांना वाटतं. मला तरी पाणीवाटपाची कचेरी तीन हजार वर्षांपूर्वी असणं अगदी स्वाभाविक वाटतं. जिथे पाणी वाटायचं आहे तिथे बसून बोलायला जागा लागतेच.

आपल्या व्यवस्थापकांनी इथे थांबून मराठी माणसाला त्याच्या घरची गोष्ट जरूर सांगावी, कारण हे नातं खरं आहे. जमिनीखालून पाणी वाहून आणण्याची ही विद्या पश्चिम आशियातून आपल्याकडेही आली. मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली नहर-ए-अंबरी डोंगराकडचं पाणी भूमिगत नळांनी शहरात आणत होती. जळगावच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला त्याच काळातला कुंडी भंडारा आजही आहे. जमिनीखालच्या एकाच वाटेने जोडलेल्या विहिरींची ती रांग पाहिलेल्या माणसाला अल ऐनचा फलज परका वाटत नाही. आणि पाण्याच्या वाटपाचं म्हणाल, तर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत आठवावी. बंधाऱ्याचं पाणी गावानेच वाटायचं, पाटकऱ्याने पाटाकडे बघायचं, बारेकऱ्याने शेतात पाणी भरायचं, जागल्याने राखण करायची. अफलाजांवरही पाणी वेळेच्या हिशोबाने वाटलं जाई. या प्रदेशात दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्यावरून पाळी मोजत. कुणाच्या बागेत किती वेळ दार उघडं राहील हे गावाला पाठ असे. ही ज्ञानपरंपरा, म्हणजे फलज बांधणं, राखणं आणि त्याचं पाणी न्यायाने वाटणं, 2020 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ‘न्यायाने वाटणं’ हे शब्द त्या नोंदीत आहेत, याचं मला अप्रूप वाटतं. आपल्याकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याने हयातभर तेवढंच मागितलं.

आता खुद्द अल ऐन मरूद्यान. शहराच्या मधोमध सुमारे 1,200 हेक्टरांचा हा पट्टा, त्यात जवळपास 1,47,000 खजुरीची झाडं आणि शंभरेक जाती. दोन फलज, अल ऐनी आणि अल दाऊदी, या बागांना पाणी देतात. बाहेर रहदारी, दुकानं, सिग्नल. दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना पुरुषभर मातीच्या भिंती, मधून फरसबंद वाट आणि डोक्यावर झावळ्यांचं छत. हवेतला फरक पहिल्या पन्नास पावलांत अंगाला कळतो. उंचावर खजूर, तिच्या सावलीत आंबा, केळी, अंजीर, डाळिंब, लिंबू-संत्र्याची झाडं, आणि त्यांच्याही खाली जमिनीलगत जनावरांचा चारा. एकाच पाण्यावर तीन मजले शेती. वरच्या मजल्याची सावली नसेल तर खालचे दोन त्या उन्हात तग धरणार नाहीत. आपल्या कोकणातल्या कुळागरात पोफळी, मिरी, केळी अशी जी रचना असते ती धो धो पावसाच्या प्रदेशातली. इथे वर्षाला अगदीच तुटपुंजा पाऊस पडणाऱ्या जमिनीवर हे जमवलेलं आहे.

वाटेच्या कडेने उघड्या चाऱ्या जातात. काही कोरड्या दिसतील, काहींतून पाणी वाहत असेल. ज्या वाफ्याची पाळी असेल तिथलं दार उघडलेलं असतं. त्या चाऱ्यांपाशी गटाला दहा मिनिटं नुसतं उभं राहू द्या. आपले लोक आपोआप वाकून बघतात, पाणी कुठून येतं आणि कुठे वळतं याचा माग काढू लागतात. कुणीतरी ‘आमच्याकडे असंच’ म्हणून सुरू होतो. माहितीपत्रकातला मजकूर वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

या बागा खासगी आहेत, हे मात्र बसमधून उतरण्याआधीच सांगा. पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्याकडे असलेली ही शेतं आहेत आणि त्यांत राबणारे बरेचसे हात आपल्याच उपखंडातले आहेत. भिंतीवर चढायचं नाही, फळ तोडायचं नाही, काम करणाऱ्याचा फोटो न विचारता काढायचा नाही. त्या कामकऱ्यांशी हिंदीत दोन शब्द बोललं तर ते फार आपुलकीने सांगतात. नर झाडाचा फुलोरा काढून मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने कसा बांधतात, वर चढताना कमरेभोवती दोर कसा घेतात, कोणती जात आधी पिकते. खलास, फर्द, लुलू, खनेजी, बरही ही नावं त्यांच्या तोंडून ऐकण्यात गोडी आहे. हे हाताने होणारं परागीकरण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला चालतं. त्या दिवसांत सहल असेल तर व्यवस्थापकाने ते मुद्दाम दाखवावं. झाडावरचे पिकते घोस पाहायचे असतील तर जून-जुलै गाठावा लागतो. पण त्या उन्हात गट नेणं शहाणपणाचं नाही. पारा 45 अंशांच्या वर जातो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी आणि आपल्या वाटाड्यांनीही ती लपवू नये. आजचं सगळं पाणी केवळ जुन्या फलजांतून येत नाही. शहर वाढलं, पंप आले, बोअर खोल गेले आणि भूजल खाली गेलं. फलजांचा नैसर्गिक प्रवाह त्यामुळे घटला. आज पंपाने उपसलेल्या आणि समुद्राचं खारेपण काढून आणलेल्या पाण्याची त्याला जोड द्यावी लागते. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आलेल्या प्रवाशाला यात नवं काही सांगावं लागणार नाही. त्याने हे सगळं आपल्या शिवारात पाहिलं आहे. फरक इतकाच की तिथे पैसा होता म्हणून बागा वाचवता आल्या. वाचवायच्याच, असं ठरवलं गेलं हेही तितकंच खरं. अल ऐन आणि अबुधाबी अमिरातीतल्याच लिवा इथल्या ऐतिहासिक खजूर-मरूद्यानांना 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. अल ऐन मरूद्यान 2016 मध्ये माहिती केंद्रासह नव्याने लोकांसाठी खुलं झालं. शहराच्या ऐन मधली एवढी जमीन इमारतींच्या घशात गेली नाही, ही बाब आपल्या नगरसेवकांना घेऊन जाऊन दाखवण्यासारखी आहे.

हे ठरवण्यामागे एक माणूस होता. शेख झायेद बिन सुलतान 1946 ते 1966 अल ऐन भागाचा कारभार पाहत होते. तेलाचा पैसा यायच्या आधीची ती वर्षं. त्यांनी तुंबलेले फलज उपसून घेतले, नवं खोदकाम हाती घेतलं आणि पाणी मोजक्या धनिकांच्या मुठीत राहू नये म्हणून वाटपाची रीत बदलली. पुढे 1971 मध्ये अमिरातीचं संघराज्य झालं, तेव्हा तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचं जुनं राहतं घर आज मरूद्यानाच्या कडेला संग्रहालय म्हणून पाहता येतं. झगमगाट नाही. मातीच्या रंगाच्या भिंती, अंगणं, माणसांना भेटायच्या बैठका. अबुधाबीची मोठी मशीद ज्यांच्या नावाने आहे ते हेच, असं सांगितलं की सहलीतली दोन ठिकाणं एकमेकांशी जुळतात. आज आपण ती एकाच अमिरातीत असूनही वेगवेगळी दाखवतो.

अल जाहिली किल्लाही याच ओघात येतो. तो 1890 च्या दशकात थोरल्या शेख झायेदांनी, म्हणजे झायेद बिन खलिफांनी बांधला. आपल्या डोळ्यांना राजगड-रायगडाची सवय, त्यामुळे सपाट जमिनीवरचा हा मातीचा किल्ला पाहून काही जण ‘एवढाच?’ म्हणतात. त्यांना विचारा की हा राखत काय होता. डोंगर नाही, घाट नाही, बंदर नाही. हा राखत होता खजुरीच्या बागा आणि त्यांचं पाणी. त्याचा गोल बुरूज एकावर एक लहान होत जाणाऱ्या मजल्यांचा आहे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो बघावा. आत विल्फ्रेड थेसिजर या ब्रिटिश प्रवाशाच्या छायाचित्रांचं दालन आहे. थेसिजरने 1940 च्या दशकात बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब सोबत्यांबरोबर उंटांवरून ‘रिकामा चतुर्थांश’ म्हणवणारं प्रचंड वाळवंट दोनदा ओलांडलं. त्याचे सोबती त्याला मुबारक बिन लंडन म्हणत. संध्याकाळी जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारून आलेल्या आपल्या प्रवाशांनी ती छायाचित्रं पाहायला हवीत. सुकलेल्या ओठांची माणसं, पाण्याच्या कातडी पखाली, आणि त्या चेहऱ्यांवरचा करारीपणा. वाळवंट म्हणजे काय, ते त्या दालनात पंधरा मिनिटांत समजतं.

हिलीच्या पुरातत्त्व उद्यानासाठी तासभर राखा. सावलीची झाडं आहेत, बसायला जागा आहे, ज्येष्ठांना त्रास होत नाही. मधोमध दगडी गोल थडगं उभं आहे, साडेचार-चार हजार वर्षांपूर्वीच्या उम्म अन-नार काळातलं. दोन दारं, आणि दारांभोवती कोरलेली माणसं व लांब शिंगांचे ओरिक्स, म्हणजे वाळवंटातली हरणं. अशा एकेका थडग्यात शेकडो माणसं पुरलेली असत. हा काळ आपल्या हडप्पा-लोथलचा. त्या काळातल्या या प्रदेशाच्या थडग्यांत सिंधू खोऱ्याकडचे अकीकाचे मणी मिळाले आहेत, आणि मेसोपोटेमियाच्या लेखांत ज्याला मगान म्हटलं आहे तो तांब्याचा देश म्हणजे ओमान-अमिरातीचा हा भूभाग, असं विद्वान मानतात. आखाती देशांत पोटापाण्यासाठी जाणं ही आपल्याला गेल्या पन्नास वर्षांतली गोष्ट वाटते. हिलीला उभं राहिल्यावर तिचा पल्ला कुठच्या कुठे जातो.

याहून जुनी थडगी जबल हफीतच्या पायथ्याशी आहेत. मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची, रचीव दगडांची, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. 1959 च्या सुमारास अमिरातीत डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी उत्खननं सुरू केली, आणि अल ऐनमधल्या या दगडांच्या ढिगांकडे त्यांचं लक्ष वेधणारे शेख झायेदच होते. बस डोंगरावर जाणारच असेल तर आधी पायथ्याशी ही थडगी दाखवा आणि मगच वर चढा. डोंगर सुमारे 1,240 मीटरांचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा बराच बुटका, पण सपाट वाळवंटातून एकदम उठल्यामुळे रुबाबदार दिसतो. त्याच्या चुनखडीत सागरी जिवांचे जीवाश्म आहेत. कधीकाळी तो समुद्राचा तळ होता. वळणावळणाचा रस्ता, पायथ्याशी मुबज्जराचे गरम पाण्याचे झरे, संध्याकाळचे दिवे, हे सगळं आपल्याला ठाऊकच आहे. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

प्राणिसंग्रहालयाबद्दल मात्र एक सुचवतो. ते 1968 मध्ये सुरू झालं आणि अरबी ओरिक्स वाचवण्याच्या कामात त्याचा वाटा मोठा आहे. हा प्राणी 1972 मध्ये निसर्गातून पूर्णपणे नाहीसा झाला होता. पिंजऱ्यातल्या कळपांची पैदास करून त्याला पुन्हा वाळवंटात सोडलं गेलं, आणि 2011 मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा खाली आणण्याइतपत तो सावरला. सकाळी हिलीच्या दारावर कोरलेला ओरिक्स दाखवा आणि त्याच दिवशी जिवंत ओरिक्स दाखवा. मुलांना सिंह-वाघ भारतातही दिसतात. हा जोड दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

उंटांचा बाजार पाहायला लोकांना आवडतं, तर सकाळी लवकर न्या. फोटोसाठी नंतर पैशांवरून वादावादी होते, म्हणून व्यवस्थापकाने तिथल्या माणसांशी आधीच बोलून ठेवावं. अल कत्ताराच्या जुन्या बाजारात, उघडा असेल तेव्हा, झावळ्यांचं विणकाम आणि हातमागावरची वस्त्रं बनवणाऱ्या बायका भेटतात. आपल्या गटातल्या बायकांना भाषा येत नसली तरी सुया-दोरे, वीण आणि टाके यांवर त्यांचा संवाद सुरू होतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात हा काळ ठेवा. शाळेच्या सुटीमुळे मे महिन्यात जे गट जातात त्यांना अल ऐन दाखवायचंच असेल तर पहाटे बागेत आणि दुपारी हॉटेलात, याला पर्याय नाही. किल्ले आणि संग्रहालयं आठवड्यात एखाद्या दिवशी बंद असतात आणि शुक्रवारच्या वेळा वेगळ्या असू शकतात. ते त्या-त्या वेळी विचारून मगच वार ठरवा. कपडे अंगभर असावेत. ओमानचं बुरैमी अगदी शेजारी दिसतं, पण मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या प्रवाशाला तिकडे जाऊन परत येता येणार नाही, हे स्पष्ट सांगा. शाकाहारी जेवणाची चिंता नको. शहरात भारतीय वस्ती मोठी आहे आणि इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. बागेतल्या वाटा सपाट आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनाही तिथे हळूहळू चालता येतं. बुर्जच्या गर्दीत ताटकळणाऱ्या आजी-आजोबांना ही सकाळ खरोखर मानवेल.

खर्च वाढेल, ही अडचण मी समजू शकतो. एक रात्र दुबईतून काढून अल ऐनला दिली तर हॉटेलचा भाव बहुधा वाढणार नाही. वाढेल तो वाटाड्याचा खर्च. तो करा. फलज समजावून सांगू शकणारा माणूस नसेल तर ही सगळी धडपड वाया जाईल. आपल्या व्यवस्थापकांनाच एकदा गटाशिवाय तिथे पाठवा, दोन दिवस पायी फिरू द्या. आपल्याकडचे हे तरुण हुशार आहेत, बोलके आहेत. त्यांना सांगायला काही मिळालं तर ते रंगवून सांगतील.

याच्या जोडीने दुसरी विनंती आहे, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी काही संस्था शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे काढतात. ते बहुतेक इस्राएलला जातात, ठिबक बघायला. एखादा दौरा अल ऐनला काढा. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांनी धरणाचं पाणी स्वतः मोजून, स्वतः वाटून दाखवलं आहे. तशा संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना तीन हजार वर्षांची पाणीवाटपाची रीत समोर दिसू द्या. कमी पाण्याच्या तालुक्यांत आता काही शेतकरी खजूर लावू लागले आहेत. त्यांनाही इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कच्छमध्ये पावसाच्या आधी, फळ पिवळं-लाल आणि करकरीत असतानाच खजूर उतरवावा लागतो, आणि बरहीसारखी जात त्या अवस्थेतही गोड लागते. आपल्याकडेही पावसाळ्याचं तेच संकट आहे. कोणती जात आपल्या हवेला चालेल, घोसाला आधार कसा द्यायचा, नर झाडं किती ठेवायची, हे प्रश्न त्या बागेत राबणाऱ्या माणसाला विचारता येतील. परागीकरणाच्या दिवसांत, फेब्रुवारीच्या अखेरीस असा दौरा निघाला तर शेतकऱ्यांना काम प्रत्यक्ष हाताने करून बघता येण्याची सोय एखाद्या बागमालकाशी बोलून होऊ शकेल. अल ऐनमधले बागायतदार पाहुण्याला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर दिल्याशिवाय सोडत नाहीत. शेतकरी शेतकऱ्याकडे आला आहे म्हटल्यावर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

बिदा बिंत सौदपासून हिली, तिथून मरूद्यान आणि शेवटी जाहिली किल्ला, अशी पाण्याच्या वाटेने जाणारी दीड दिवसाची आखणी मी नकाशासह मराठीत लिहून काढली आहे. कुठे किती चालावं लागतं, सावली कुठे आहे, बस कुठे उभी करता येते, हेही त्यात आहे. आपल्यापैकी ज्या संस्थेला ती हवी असेल तिला मी विनामूल्य देईन, आणि व्यवस्थापकांची बैठक पुण्यात किंवा नाशकात ठेवलीत तर स्वतः येऊन समजावून सांगेन.

आपला,
पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एक कालवा निरीक्षक